ब्रेक आणि बॅटरी : जुन्या गाडीची दोन पथ्यं

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या मांडवात संतसाहित्यावर बोलणारे विद्वान येऊन गेले, डॉक्टर येऊन गेले, वकील येऊन गेले. आज विषय तेलकट हातांचा आहे. मी शिक्षणानं मेकॅनिकल डिप्लोमावाला आणि नोकरीनं राज्य सरकारचा कर्मचारी. खात्याच्या गाड्यांची देखभाल बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळं कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी सरळ सांगितलं, जे हातानं करतो त्यावरच बोलेन.

आपल्या बेळगावात जुनी मोटरसायकल नाही असं मराठी घर शोधावं लागेल. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कुठल्याही गल्लीत जा. एखाद्या दारात १९९४ नंतरची स्प्लेंडर, कुठं त्याच्याही आधीची सीडी १००, कुणाकडे जपून ठेवलेली आरएक्स १००, कुणाच्या आजोबांची म्हैसूरला बनलेली जावा किंवा येझदी. म्हैसूरचा तो कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ ला बंद पडला. म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता पंचविशी ओलांडून गेलीय. तरी गाड्या चालतात. आपली माणसं वस्तू टाकत नाहीत आणि उद्यमबागेत काम केलेल्या घरात पाना-पकड असतेच.

पण जुनी गाडी चालणं वेगळं आणि जुनी गाडी थांबणं वेगळं. इंजिन कुरकुरलं की आपण लगेच गॅरेज गाठतो. ब्रेक मात्र कुरकुरत नाही, तो हळूहळू कमी होतो, आणि आपल्या पायाला त्याची सवय होते. बॅटरीचंही तसंच. किक मारली की गाडी सुरू होते, मग बॅटरी मेली काय नि जगली काय, असं वाटतं. म्हणून आज या दोघांचंच बोलणार आहे. एक वाक्य लक्षात ठेवा : ब्रेक आपल्याला थांबवतो, बॅटरी मागून येणाऱ्याला थांबवते. ते कसं, ते पुढं सांगतो.

थोडं गणित

चाळीसच्या वेगानं जाणारी गाडी सेकंदाला साधारण ११ मीटर जाते. समोर म्हैस आडवी आली हे डोळ्यांनी बघून हात-पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर गेले. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असतील तर त्यानंतर आणखी १२ मीटर. एकूण २३. आता वेग साठ करा. वेग दीडपट झाला, म्हणून अंतरही दीडपट होईल असं वाटतं. तसं होत नाही. विचारात १७ मीटर आणि ब्रेकमध्ये २८ मीटर, एकूण ४५. जवळपास दुप्पट. वेग दुप्पट केला तर नुसतं ब्रेकचं अंतर चौपट होतं. हा हिशोब चांगल्या ब्रेकचा आणि कोरड्या रस्त्याचा. झिजलेला ब्रेक, गुळगुळीत टायर आणि आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस धरला तर आकडा कुठं जातो ते तुम्हीच बघा.

आणि नव्या गाडीवाल्याला जी सोय आहे ती आपल्याला नाही. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाक्यांना कायद्यानं एबीएस किंवा दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस पद्धत सक्तीची झाली. सव्वाशे सीसीच्या वर एबीएस, खाली किमान सीबीएस. आपल्या जुन्या गाडीत एबीएस म्हणजे आपली बोटं आणि आपला तळपाय. म्हणून त्यांच्या हाताखालचं यंत्र तरी चोख पाहिजे.

ड्रम ब्रेक : डब्याच्या आत काय चालतं

जुन्या गाड्यांना बहुतेक मागं-पुढं ड्रम ब्रेक. चाकाच्या मधोमध गोल डबा, त्यात चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक-शू, ज्यांना गॅरेजमध्ये लायनर म्हणतात. मध्ये एक कॅम. आपण पेडल दाबलं की रॉड ओढला जातो, बाहेरचा दांडा फिरतो, कॅम वळतो आणि शू डब्याला आतून घासतात. इतकंच. शूवरची पट्टी झिजली की तो दांडा जास्त फिरवावा लागतो.

किती झिजलं हे चाक न काढता कळतं. बऱ्याच गाड्यांत दांड्याजवळ एक छोटा बाण असतो आणि ब्रेकच्या प्लेटवर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि बाण बघा. बाण खुणेला टेकला की शू बदलायचे. धुळीनं आणि चिखलानं हा बाण झाकलेला असतो, म्हणून अनेकांना तो आहे हेच ठाऊक नसतं. उद्या सकाळी फडक्यानं पुसून बघा.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो. शू झिजले, मागचा नट आवळून आवळून संपला, तरी ब्रेक लागेना, की काही ठिकाणी तो दांडा कॅमवरून उपटतात आणि एक दाता पुढं बसवतात. ब्रेक लगेच कडक लागतो. गिऱ्हाईक खूश. पण झालं काय? पट्टी तेवढीच झिजलेली राहिली आणि खूण दाखवणारा बाण खोटा पडला. पुढं एखाद्या दिवशी कॅम इतका वळतो की उलटून अडकतो, नाहीतर पट्टी संपून पत्रा डब्याला घासतो आणि डबाही जातो. त्यामुळं कुणी "दाता फिरवून देतो" म्हणालं तर सांगा, "नको, शू बदला." शूची जोडी ही गाडीतल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक आहे.

चाक काढलंच तर काय काय बघायचं? पट्टीची जाडी साधारण २ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर बदला. पट्टी काचेसारखी चकचकीत झाली असेल तर पॉलिश पेपरनं हलकी घासून घ्या. ग्रीस किंवा तेल मुरलं असेल तर धुऊन उपयोग नाही, ती जोडी टाका आणि बेअरिंगचं सील का गळतंय ते बघा. डब्याच्या आत नख फिरवा. खोल चर लागले तर लेथवर डबा थोडा घासून मिळतो, पण त्यालाही मर्यादा असते आणि बऱ्याच डब्यांवर कमाल व्यास कोरलेला असतो. कॅमच्या दांड्याला उष्णतेत न वितळणारं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढंच. जास्त झालं की ते शूवर उतरतं.

आणि ती काळी पूड. फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं तर बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांनाही हे सांगा. त्यांना कुणी सांगत नाही.

ढिलाई किती ठेवायची

ब्रेक अगदी ताणून ठेवायचा नसतो. मागच्या पेडलला साधारण २० ते ३० मिलिमीटर आणि पुढच्या दांडीला टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना चालते. तुमच्या गाडीचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा प्रमाण माना. चाल कमी झाली तर शू सतत घासत राहतात, डबा तापतो, ॲव्हरेज पडतं. ओळखायचं कसं? गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि चाक हातानं फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे.

इथं एक खुबी आहे. चेन ताणताना मागचं चाक मागं सरकतं. चाक मागं गेलं की ब्रेकचा रॉडही ताणला जातो आणि पेडलची चाल संपते. म्हणून चेनला हात लावला की ब्रेकची ढिलाई पुन्हा बघायची, आणि त्यानंतर ब्रेकचा दिवा लावणारा स्विच. चेन, ब्रेक, दिवा. तिन्ही एकापाठोपाठ.

पुढच्या ब्रेकची केबल दांडीपाशी जिथं वळते तिथं एक-एक तार तुटत जाते. एक तार जरी सुटलेली दिसली तरी केबल बदला. उरलेल्या तारा तुटायला फार वेळ लागत नाही आणि त्या जोरात ब्रेक दाबला तेव्हाच तुटतात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी.

एक कॉटर पिन

मागच्या वर्षी चतुर्थीच्या आधी आमच्या गल्लीतला एक मुलगा आईला मागं बसवून आंबोलीमार्गे सावंतवाडीला निघणार होता. गाडी वडिलांची. वडील नाहीत. चार दिवसांपूर्वीच मागचं टायर बदलून आणलं होतं. निघताना म्हणाला, "काका, ब्रेक दाबला की खालनं टक् असा आवाज येतोय बघा." मी खाली वाकून बघितलं. ब्रेकच्या प्लेटला गाडीच्या सांगाड्याशी बांधून ठेवणारी एक पट्टी असते, टॉर्क आर्म. तिचा नट जवळजवळ सुटला होता आणि नटातून आरपार जाणारी कॉटर पिन टायर बदलताना परत बसवलीच नव्हती.

ही पट्टी काय करते ते सांगतो. ब्रेक दाबला की चाक ब्रेकच्या प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवायला बघतं. ती पट्टी तिला धरून ठेवते. पट्टी सुटली तर प्लेट गरकन फिरते, रॉड वाकून गुंडाळला जातो आणि मागचं चाक जागीच अडकतं. घाटात, ओल्या रस्त्यावर, मागं आई बसलेली. पुढचं मी बोलत नाही.

पिन एका रुपयाची असेल नसेल. बसवायला दोन मिनिटं लागली आणि ती दोघं सुखरूप जाऊन आली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, पंक्चर काढून आणलं, टायर बदललं, की घरी येऊन खाली वाका आणि तीन गोष्टी डोळ्यांनी बघा : ॲक्सलचा नट, टॉर्क आर्मचा नट आणि त्यातली पिन. हे बघायला डिप्लोमा लागत नाही.

डिस्क असेल तर

२००१ साली पल्सर आली आणि त्यानंतर पुढची डिस्क हळूहळू घरोघरी पोचली. त्या गाड्याही आता जुन्याच म्हणायच्या. डिस्कला ढिलाई लावायची नसते, पण तिचं पथ्य वेगळं. तिच्या तेलाला पाणी ओढून घ्यायची सवय असते. झाकण बंद असलं तरी रबरातून, फटीतून हवेतली ओल ते शोषतं, आणि आपल्याकडं चार महिने हवाच ओली. डॉट ४ प्रतीचं नवं तेल किमान २३० अंशांना उकळतं. पाणी मुरलेलं तेल साधारण १५५ अंशांना. घाट उतरताना डिस्क तापली, तेल उकळलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की दांडी स्पंजासारखी दबत जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं, दिसायला स्वच्छ असलं तरी. तेल सीलबंद बाटलीतलंच घ्या. वर्षभर उघडी पडलेली अर्धी बाटली नको. इंजिन ऑइल तर एक थेंबही नको, रबरं फुगतात. आणि हे तेल टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग उतरवतं, लगेच पाण्यानं धुवा.

डबीतली तेलाची पातळी खाली गेली तर नुसतं वरून ओतू नका. पॅड झिजले की पातळी खाली जाते. आधी पॅड बघा. पॅडवर झीज दाखवणारी चर असते, ती दिसेनाशी झाली की पॅड संपले. पॅड ठीक असूनही पातळी उतरली असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि तेव्हा गाडी जागची हलवायची नाही.

पुढचा ब्रेक आणि घाट

आपल्याकडं एक समजूत पक्की बसलीय : पुढचा ब्रेक दाबला की माणूस कोलांटी खातो. त्यामुळं कित्येकजण आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर गाडी चालवतात. वस्तुस्थिती अशी की ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलकं चाक लवकर घसरतं. म्हणजे थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात आहे. ती हिसक्यानं वापरली तर पाडते, हळूहळू दाब वाढवत वापरली तर वाचवते. गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकत्र, मुठीचा दाब लिंबू पिळतो तसा. वळणात, वाळूवर आणि ओल्या शेणावर पुढच्या ब्रेकला जपून. मोकळ्या रस्त्यावर ही सवय मुद्दाम करा. ऐन वेळी हात सवयीनंच चालतो, विचारानं नाही.

घाटाचं सांगतो. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, खानापूर-रामनगरवरून अनमोड, इकडं आंबोली. आपल्या सोयरिकी तिकडं आहेत, गणपतीला ये-जा असतेच. ज्या गिअरमध्ये चढ चढता त्याच गिअरमध्ये उतार उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. न्यूट्रल करून, इंजिन बंद करून उतार सोडणं म्हणजे पाच रुपयांच्या पेट्रोलसाठी ब्रेक जाळणं. सतत घासलेला ड्रम तापून फुगतो, शू त्याच्यापासून दूर राहतात आणि पेडल खाली जातं.

आरएक्स आणि जावावाल्यांनी एक ध्यानात घ्यावं. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला तेवढं धरत नाही. शिवाय जावासारख्या गाडीत इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलमधून. ॲक्सिलरेटर बंद ठेवून लांब उतार उतरलात तर तेलही बंद. म्हणून मधूनमधून क्लच दाबून थोडं ॲक्सिलरेटर द्या आणि वेग आधीपासूनच कमी ठेवा.

बॅटरी : छोटी पेटी, मोठं काम

आता मघाच्या वाक्याचा दुसरा भाग. स्प्लेंडरसारख्या बऱ्याच जुन्या किकच्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, तो थेट इंजिनाच्या कॉइलवर जळतो. म्हणून गाडी हळू झाली की तो मंद होतो. ठिणगीही बॅटरीवर नसते. त्यामुळं बॅटरी मेली तरी गाडी सुरू होते, हेडलाइट लागतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मग बॅटरीवर काय चालतं? हॉर्न, वळणाचे दिवे आणि ब्रेकचा दिवा.

म्हणजे बघा, तुम्ही उत्तम ब्रेक बसवलात. धुक्यात कणकुंबीच्या पुढं गाय आडवी आली, तुम्ही जागेवर थांबलात. मागच्या ट्रकवाल्याला ते कळणार कसं? तुमच्या मागच्या लाल दिव्यावरून. तो बॅटरीअभावी पेटलाच नाही तर तुमचा चांगला ब्रेकच तुमच्या जिवावर येतो. म्हणून हे दोन विषय मी वेगळे धरत नाही.

(जावा आणि जुन्या बुलेटची गोष्ट निराळी. तिथं ठिणगीच बॅटरीवर, त्यामुळं बॅटरी मेली की किक मारून दम लागतो आणि मालकाला आपोआप समजतं. बुलेटच्या हेडलाइटवरचा अँमीटर शोभेचा नाही, त्याच्याकडं बघत जा.)

बॅटरीची तब्येत मोजायला दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बारा व्होल्टची बॅटरी सकाळी १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर पोट भरलेलं आहे. १२.४ ला चार्जिंगची गरज, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, १२ च्या खाली म्हणजे उपाशी. मग गाडी सुरू करून ॲक्सिलरेटर वाढवा. आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास चढला पाहिजे. चढलाच नाही तर दोष बॅटरीचा नाही, कॉइल, वायर किंवा रेग्युलेटरचा आहे, आणि नवी बॅटरी घातली तरी तीही मरेल. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरीचं पाणी उकळून टाकेल. नवी बॅटरी घेण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी करा.

पाणी की ॲसिड?

झाकणांच्या बॅटरीवर दोन रेघा असतात, वरची आणि खालची. पाणी त्या दोघींच्या मध्ये. कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटर घाला. फक्त तेच. नळाचं, विहिरीचं, फिल्टरचं नको, क्षार आत जातात. आणि ॲसिड तर मुळीच नको. माझ्या ओळखीच्या एका घरी गॅरेजवाला पातळी उतरली की दर वेळी ॲसिड ओतून द्यायचा. मालक म्हणायचे, "करंट चांगला येतोय की!" एका वर्षात दोन बॅटऱ्या गेल्या. कारण साधं आहे. चार्जिंगमध्ये उडून जातं ते पाणी. ॲसिड आतच राहतं. त्यात आणखी ॲसिड घातलं तर ते तीव्र होऊन शिशाच्या प्लेटा खातं. ॲसिड एकदाच, बॅटरी नवी भरताना.

नवी कोरडी बॅटरी घेतली तर ॲसिड भरून लगेच गाडीत बसवू देऊ नका. अर्धा तास मुरू द्या आणि मग सावकाश पूर्ण चार्ज करा. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश. स्प्लेंडरच्या अडीच अँपिअर-तासाच्या बॅटरीला पाव अँपिअर. ट्रकच्या बॅटऱ्यांच्या रांगेत तिला जोडली तर ती दोन तासांत तापते आणि निम्मं आयुष्य तिथंच संपतं. दुकानदाराला "एका दिवसानं नेतो, घाई नाही" असं सांगितलंत तर त्यालाही बरं पडतं.

बॅटरीच्या बाजूला एक बारीक रबरी नळी असते, वायू बाहेर जायला. ती खाली मोकळी सोडलेली हवी, कुठं चेपलेली नको आणि तिचं टोक चेनवर नको. गाडी धुताना ती निघाली आणि तशीच राहिली तर ॲसिडचे थेंब सांगाड्यावर, चेनवर पडत राहतात. सांगाडा आतून कुजतो, वरून कळत नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशनं धुवा, पाणी आत जाऊ न देता. वाळवा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. चार्जिंगच्या वेळी जवळ विडी-काडी नको, बाहेर पडणारा वायू पेट घेतो. ॲसिड डोळ्यांत उडालं तर भरपूर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुवा आणि लगेच डॉक्टरकडं जा.

मेलेली बॅटरी माळ्यावर ठेवू नका. आत शिसं आहे, ते लहान मुलांना फार घातक. नवी घेताना दुकानात परत द्या, तिचे पैसेही वळते होतात.

आठवण की वाहन?

शेवटचा मुद्दा थोडा घरगुती आहे. जुनी गाडी आपण का ठेवतो? बहुतेक वेळा ती वडिलांची असते. त्यांनी पहिल्या बोनसातून घेतलेली, तिच्यावर आपल्याला शाळेत सोडलेलं. ती विकवत नाही, आणि विकू नयेही. पण मग होतं काय, गाडी दोन-तीन वर्षं दारात उभी राहते आणि एक दिवस नातू अठराचा होतो. लायसन्स निघतं. आजी म्हणते, "आजोबांची गाडी आहे की, घेऊन जा." किक मारली, सुरू झाली, गेला.

माझं म्हणणं इतकंच, आधी ठरवा, ती आठवण आहे की वाहन. आठवण असेल तर बॅटरी काढून ठेवा, गाडी पुसून झाकून ठेवा, गणपतीत हार घाला. वाहन असेल तर नातवाच्या हाती किल्ली देण्याआधी शू नवे, केबल नवी, पुढचं-मागचं टायर बघून, बॅटरी मोजून, ब्रेकचा दिवा लावून बघून द्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासली जाते, पण त्या तपासणीच्या मधल्या पाच वर्षांची जबाबदारी घरातल्यांचीच. आजोबांची माया त्या टाकीत नाही, ती नातवानं सुखरूप परत येण्यात आहे.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*ब्रेक दाबला की किंचाळतो. शू बदलू का?*
आधी उघडून बघा. धूळ, चकचकीत झालेली पट्टी किंवा सुकलेला कॅम, यातलं काहीही असू शकतं. आवाज खरखरीत, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा असेल तर पट्टी संपलीय, गाडी तशीच चालवू नका.

*पावसात किंवा गाडी धुतल्यावर ब्रेक लागत नाही.*
डब्यात पाणी गेलं की तसं होतं. रस्ता मोकळा बघून, हळू वेगात, ब्रेक हलकेच टेकवत थोडं अंतर जा. उष्णतेनं पाणी सुकतं. पाण्यातून गेलात की दर वेळी हे करा, मगच वेग वाढवा.

*नवे शू घातले तरी ब्रेक कमीच वाटतो.*
नवी पट्टी डब्याच्या गोलाईला बसायला थोडा वेळ लागतो. पहिले दीड-दोनशे किलोमीटर अंतर राखून चालवा, मग ढिलाई पुन्हा लावा.

*गाडी महिनाभर उभी राहणार. बॅटरीचं काय करू?*
निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि महिन्यानं एकदा चार्ज करा. नुसती दोन मिनिटं सुरू करून बंद करू नका, त्यानं काहीच भरत नाही. अर्धा तास फेरी मारा. रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि मग ती चार्ज घेत नाही.

*मोठा हॉर्न बसवला तर चालेल?*
जुन्या गाडीची कॉइल बेताचीच वीज देते. कारचा हॉर्न आणि वरचे जादा दिवे लावले तर रोजचा खर्च जमेपेक्षा जास्त होतो. घरखर्चासारखंच ते.

मंडळी, घरी जाऊन आज रात्रीच एक काम करा. गाडी भिंतीजवळ उलटी लावा, चावी फिरवा आणि ब्रेक दाबा, आधी पुढचा, मग मागचा. भिंतीवर लाल उजेड पडला तर छान. नाही पडला तर उद्या सकाळी गॅरेजला जा. काही गाड्यांत पुढच्या ब्रेकला स्विच नसतो, ते चालेल, पण मागच्याचा उजेड पडलाच पाहिजे.

 विसर्जनाला कपिलेश्वर तलावाकडं येताना गाड्या घरी ठेवा, चालत या. गणपती बाप्पा मोरया!